वाचकांचे प्रश्न : सांडपाण्याचा गाळ शेतात घालताना

प्रश्न : प्रक्रिया केंद्रातून दाबून पाणी काढलेला गाळ मिळतो आहे. शेणखताइतकाच घालावा का?

नाही. गाळाची मात्रा उपलब्ध नत्रावरून आणि कोरड्या वजनावर ठरते. हातात घेतल्यावर घट्ट वाटणाऱ्या गाळातही बहुधा 75 ते 80 टक्के पाणी असते. हातमोजे घालून ढिगाच्या दहा-बारा ठिकाणांहून, आतून, नमुने घ्या आणि कालवून एकजीव करा. त्यातला 100 ग्रॅम गाळ 105 अंश सेल्सिअसला वजन स्थिर होईपर्यंत वाळवा. 20 ग्रॅम उरला, तर एका ओल्या टनात 200 किलो सुका गाळ आहे.

समजा, प्रयोगशाळेच्या अहवालानुसार एक टन सुक्या गाळात 10 किलो अमोनियाकल (अमोनियाच्या रूपातले, पिकाला लगेच मिळणारे) नत्र आणि 30 किलो सेंद्रिय नत्र आहे. हवाविरहित पचन झालेल्या, म्हणजे बंद टाकीत हवेशिवाय कुजवलेल्या गाळातले सेंद्रिय नत्र पहिल्या वर्षी साधारण 20 टक्केच मोकळे होते, म्हणजे 6 किलो. गाळ लगेच मातीत मिसळला तर एकूण 16 किलो नत्र पिकाच्या कामी येते. पिकाला हेक्टरी 120 किलो हवे असेल तर साडेसात टन सुका, म्हणजे साडेसदतीस टन ओला गाळ लागेल. तो वर पसरून तसाच ठेवला, तर निम्म्याच्या आसपास अमोनिया हवेत जाऊ शकतो आणि सगळा हिशेब चुकतो.

मात्र, सुक्या गाळात 2 टक्के फॉस्फरस असेल, तर या एका मात्रेतून 150 किलो फॉस्फरस जमिनीत जातो. धान्याचे पीक हंगामाला जेमतेम 20-25 किलो उचलते. म्हणून दरवर्षी गाळ घालू नका. मधल्या वर्षांत नत्र दुसरीकडून द्या. पालाश वेगळे द्यावेच लागते, कारण ते बहुतेक सांडपाण्याबरोबर निघून जाते.

प्रश्न : गाळाला वास नाही, रंग काळाभोर आहे. गाजर, पालक लावू का?

वास आणि रंगावरून रोगजंतू कळत नाहीत. जंताची अंडी तर मातीत वर्षानुवर्षे तग धरतात. अमेरिकेच्या 1993 च्या नियमांत ‘अ’ वर्गाच्या, म्हणजे जंतू जवळजवळ संपवलेल्या गाळात विष्ठाजन्य कोलिफॉर्म (विष्ठेतून येणारे जिवाणू) प्रतिग्रॅम सुक्या वजनामागे 1000 पेक्षा कमी लागतात. ‘ब’ वर्गाचा, म्हणजे जंतू कमी केलेला पण न संपलेला गाळ घातल्यावर मातीला टेकणारे खाद्य पीक 14 महिने काढता येत नाही. कंदमुळांना 20 महिने थांबावे लागते, आणि गाळ पसरल्यावर चार महिन्यांच्या आत मातीत मिसळला असेल तर 38. मिसळलेल्या गाळातले जंतू ऊन आणि कोरडेपणापासून बचावतात, म्हणून ही मुदत लांबते. तुमच्या गाळाचा वर्ग माहीत नसेल तर गाजर-पालक नकोच.

गाळाचे कंपोस्ट उघड्या लांब ढिगात करत असाल, तर 55 अंश किंवा जास्त तापमान 15 दिवस टिकले पाहिजे आणि त्या काळात पाच वेळा ढीग उलटला पाहिजे. कडेचा थर थंड राहतो, तो आत गेल्याशिवाय जंतू मरत नाहीत. कच्चा गाळ उचलणारी लोडरची बादली न धुता तयार कंपोस्टला लावली, की जंतू पुन्हा येतात. ही चूक सर्रास होते.

प्रश्न : चुना मिसळलेला गाळ घातला आणि लगेच पेरले. उगवण विरळ झाली. कशामुळे?

बहुधा अमोनियामुळे. जंतू मारण्यासाठी अशा गाळाचा सामू (pH) 12 पर्यंत नेतात. त्या सामूला अमोनिया वायुरूपात सुटतो आणि कोवळ्या मुळांना भाजतो. गाळ मातीत चांगला मिसळून, ओलावा देऊन दोन-तीन आठवडे थांबा, मगच पेरा. आम्लधर्मी जमिनीला हा गाळ मानवतो. चुनखडीच्या जमिनीत मात्र लोह आणि जस्ताची कमतरता वाढून पाने पिवळी पडतात, तिथे तो वापरूच नका.

प्रश्न : कंपोस्ट केल्यावर जड धातू जातात का?

नाही. उलट सेंद्रिय पदार्थ कुजून घटतो, त्यामुळे उरलेल्या वजनात धातूंचे प्रमाण वाढू शकते. कॅडमियम पालेभाज्यांत सहज शिरते, आम्ल मातीत अधिकच. म्हणून मातीचा सामू 6.5 च्या खाली जाऊ देऊ नका. पीएफएएस ही टिकाऊ रसायनेही कंपोस्टिंगने नष्ट होत नाहीत. त्यांच्यामुळेच अमेरिकेतील मेन राज्याने 2022 मध्ये शेतात गाळ घालण्यावर बंदी आणली. केंद्राच्या सांडपाण्यात कारखान्यांचे पाणी मिसळते का, हे आधी विचारा. मिसळत असेल आणि धातू व पीएफएएसचा ताजा अहवाल मिळत नसेल, तर फुकट मिळाला तरी तो गाळ घेऊ नका.