जुनी मारुती ८०० घेतलीस? आधी हे बघ

भाऊ, मस्त काम केलंस! १९८३च्या डिसेंबरात आलेली ही गाडी २०१४ला बंद झाली, पण आपल्या यवतमाळकडचे मिस्त्री अजून डोळे मिटून खोलतात. इंजिन ७९६ सीसी, तीन सिलिंडर. तुझ्या गाडीत कार्बोरेटर (पेट्रोल-हवा मिसळणारा जुन्या पद्धतीचा भाग) आहे की एमपीएफआय (इंजेक्टरनं पेट्रोल फवारणारी नवी पद्धत), तेवढं विचारून ठेव. पार्ट घेताना लागतं.

नवखे आधी टेप अन् सीटकव्हर आणतात, रेडिएटर (इंजिन थंड ठेवणारी जाळी) मात्र विसरतात. मे महिन्यात इथं ४५ अंश!

– कूलंट (रेडिएटरमधलं इंजिन थंड ठेवणारं पाणी) सकाळी, इंजिन थंड असतानाच बघ. बोरचं पाणी नको, क्षार बसतात.
– तापमानाचा काटा चढला की थांब. 'गावापर्यंत जाऊ दे' म्हटलं की हेड गॅस्केट (इंजिनच्या वरच्या भागाखालची सील) गेलीच. (माझी गेली, दोनदा.)
– टायमिंग बेल्ट (इंजिनचे व्हॉल्व्ह वेळेवर उघडवणारा पट्टा) कधी बदलला ठाऊक नसेल, तर बदलूनच टाक.

ट्युनिंगचं दिवाळीनंतर बघू.