कॅमेऱ्याचं नंतर बघू, आधी तिसरा हप्ता थांबव

पत्र भांडुपहून आलंय. लिहिणारा 21 वर्षांचा, फोटोग्राफीच्या शेवटच्या वर्षाला. कोर्सला आला तेव्हा लग्नाच्या ऑर्डरी घ्यायचं डोक्यात होतं, आता फॅशनने आणि फिल्म रोलने झपाटलंय. बॅलार्ड इस्टेटमध्ये रविवारी सकाळी, रस्ते रिकामे असताना, वर्गातल्या मैत्रिणीला आईच्या इरकलीत कमानीखाली उभं केलं आणि मामाच्या जुन्या 35 मिमी कॅमेऱ्यावर दोन रोल संपवले. फोटो सरांना आवडले. आता फोर्टात बोरा बाजारला एक सेकंडहँड मीडियम फॉरमॅट (35 मिमीपेक्षा मोठ्या फिल्मचा) कॅमेरा हेरून ठेवलाय, 95 हजारांना. विचारतो, "बाबांनी माझ्या नावावर घेतलेल्या पॉलिसीवर कर्ज काढून घेऊ का? काका, दादासाहेब फाळक्यांनीही पॉलिसी गहाण टाकलीच होती ना?"

काका म्हणालास, म्हणून एकेरीवर येतो. फाळक्यांचं खरं आहे. विम्यावर पैसा उभा करून ते 1912 मध्ये लंडनला गेले आणि विल्यमसन कॅमेरा घेऊन आले. पण त्यांच्या पॉलिसीवर कर्ज द्यायला कुणीतरी तयार झालं होतं. तुझ्या पॉलिसीवर कितीसं मिळेल, याची मला शंका आहे. ताजा कलम म्हणून चार ओळींत जे उरकलंस, ते मी तीनदा वाचलं.

बाबांना दोन वर्षांपूर्वी व्हीआरएसचे 14 लाख मिळाले. बँकेतल्या ओळखीच्या साहेबांनी "एफडीच आहे, फक्त दुप्पट गॅरंटीड" असं सांगून वर्षाला दीड लाखाची पॉलिसी गळ्यात मारली. 10 वर्षं भरायचे, 20 वर्षांनी 30 लाख. दोन हप्ते गेले, तिसरा पुढच्या महिन्यात. आणि त्याच वर्षी तुझ्या फीसाठी 5 लाखांचं शैक्षणिक कर्ज काढलं, 11 टक्क्यांनी, कारण "बाबा म्हणाले, गुंतवलेले पैसे मोडायचे नाहीत."

घरातला पैसा 4-5 टक्क्यांवर ठेवायचा आणि बँकेकडून 11 टक्क्यांनी उचलायचा! तोही बहुधा एकाच शाखेत, शेजारशेजारच्या टेबलांवर.

ते "दुप्पट" तपासू. 15 लाख एकदम जात नाहीत, 10 वर्षांत जातात. म्हणजे प्रत्येक रुपया सरासरी साडेपंधरा वर्षं अडकतो आणि तेवढ्यात दुप्पट होतो. पैसा किती टक्क्यांनी दुप्पट होतो ते ढोबळ काढायला 72 ला वर्षांनी भागतात. 72 ला साडेपंधराने भाग : 4.6 टक्के. त्या साहेबांच्या मागच्या भिंतीवर एफडीच्या दरांचा तक्ता लावलेला असेल, बाबांनी तोच वाचायला हवा होता.

शिवाय विमा कुणाचा, तर तुझा. 15 लाखांचा. तुझ्यावर अवलंबून कोण आहे? घर आईच्या शाळेतल्या 32 हजारांवर चालतं, आणि आईचा विमा शून्य. बाबांचा मेडिक्लेम कंपनीचा होता, तो नोकरीबरोबर गेला. त्यांना बीपीची गोळी चालू आहे, म्हणजे नवी पॉलिसी घेतली तरी त्या आजारासाठी 3 वर्षांपर्यंत थांबावं लागू शकतं. दोघांचा मेडिक्लेम आणि आईचा साधा टर्म विमा, ही कामं कॅमेऱ्याच्या आधीची.

आता पॉलिसी मोडायची का? विमा कंपनीकडून सरेंडर व्हॅल्यू, म्हणजे आज मोडली तर हातात येणारी रक्कम, लेखी मागव. दोन हप्त्यांनंतर भरलेल्याच्या निम्मेही हातात येत नाहीत, असं अशा पॉलिसीत सर्रास होतं. धरून चालू की 3 लाखांचे 1 लाख मिळाले. बाबा म्हणतील, 2 लाख बुडाले. बुडाले, पण ते सही केली त्याच दिवशी बुडाले. तो 1 लाख सोडून वर 8 हप्ते भरत राहिलात, तर इथून पुढच्या पैशावर पावणेसहाच्या आसपास सुटतात. 11 चं कर्ज डोक्यावर असताना पावणेसहा कशाला कवटाळायचे? सरेंडरचे 1 लाख आणि या वर्षीचा दीड लाख आजच कर्जात भरले, पुढची दोन वर्षं दीड-दीड लाख भरले, की कर्ज संपतं, आजवरचं व्याज थकलेलं नसेल तर. एफडी म्हणून विमा विकल्याबद्दल विमा लोकपालाकडे जायचा रस्ता आहे, आधी कंपनीकडे तक्रार करून. जरूर करा, पण निकालाची वाट बघत तिसरा हप्ता भरू नका.

राहिला कॅमेरा. तू हेरलेल्या कॅमेऱ्याची फ्रेम 6 बाय 7 सेंटिमीटरची, त्याला लागणाऱ्या 120 नावाच्या रोलवर असे 10 फोटो बसतात. रोल, धुलाई, स्कॅन मिळून तुझाच आकडा 2,000. म्हणजे क्लिकला 200 रुपये. महिन्याला 4 रोल म्हटलेस तर वर्षाला 96 हजार : दरवर्षी नवा कॅमेरा घेतल्यासारखंच. वर मुंबईचा पावसाळा. माझ्या वडिलांचा कॅमेरा कातडी केसमध्ये कपाटात जपून ठेवला होता. दोन पावसाळ्यांनी काढला तर लेन्सच्या आत कोळ्याचं जाळं विणावं तशी बुरशी.

मामाचा कॅमेरा चालतोय ना? त्यावर महिन्याला एक रोल काढ, स्वतःसाठी. फॅशनच्या क्लायंटला फोटो संध्याकाळी हवे असतात, म्हणून डिजिटल बॉडी आणि लाइट लागतील तेव्हा अंधेरीहून भाड्याने आण आणि भाडं बिलात लाव.

"दिवसाला 25 हजार, महिन्याला 8 दिवस" हा तुझा कमाईचा हिशेब मात्र खोड. गेल्या वर्षी असिस्टंट म्हणून 2,000 रोजाने 9 दिवस गेलास, त्यातल्या 4 दिवसांचे पैसे अजून यायचेत असं तूच लिहिलंयस. 18 हजारांतले 8 हजार लोकांकडे. पहिली काही वर्षं अशीच जातील. गौतम राजाध्यक्षांनी नट-नट्यांचे फोटो काढायला सुरुवात केली, तेव्हा त्यांची जाहिरात कंपनीतली नोकरी चालूच होती, आणि ती त्यांनी पुढेही काही वर्षं सोडली नाही.

या आठवड्यात बाबांना घेऊन बँकेत जा आणि हप्त्याचं ऑटो-डेबिट बंद करायचा अर्ज दे, पोच घे. साहेब चहा मागवतील आणि "ही बंद करा, दुसरी चांगली आलीय" म्हणतील. चहा प्या आणि निघा. सरेंडरचा आकडा आला की मला कळव. साहेबांनी चिठ्ठीवर लिहून दिलेला नको, कंपनीच्या पत्रावरचा.