मूल पहिल्यांदा सांगतं तेव्हा

हे बघ, तू या कामात नवीन आहेस म्हणून आधी हेच सांगते, लैंगिक अत्याचार झालेलं मूल त्याबद्दल बोलायला लागलं की आपल्याला सगळं एकदम जाणून घ्यायचं असतं, तो मोह आवर. "त्याने इथे हात लावला का?" असं विचारलं की उत्तर आपणच मुलाच्या तोंडात घालतो आणि पुढे कोर्टात नेमकं तेच उकरून काढतात. "मग काय झालं?" एवढं पुरतं. जे बोलेल ते त्याच्याच शब्दांत, तारीख-वेळ टाकून लगेच लिहून ठेव, भाषा सुधारायला जाऊ नकोस. "कुणालाच सांगणार नाही" असं प्रॉमिस अजिबात द्यायचं नाही, कारण सांगावं लागतंच. तुझी काही चूक नाही, सांगितलंस ते बरं केलंस, हे मात्र त्याला नक्की म्हण.

घटना ताजी असेल तर लगेच डॉक्टरकडे, एचआयव्हीचं प्रतिबंधक औषध लागणार असेल तर ते ७२ तासांच्या आत सुरू व्हावं लागतं, आणि जमलं तर तपासणीआधी आंघोळ नको, कपडे धुवायचे नाहीत.

आईवडिलांचं फार अवघड असतं गं. बहुतेक वेळा करणारा ओळखीचाच निघतो, कधी घरातलाच, त्यामुळे आईचा सुरुवातीला विश्वासच बसत नाही, तिच्यावर चिडू नकोस, तिला धरून राहा, कारण घरातलं एक माणूस ठामपणे पाठीशी असलं की मूल खूप लवकर सावरतं. आणि नंतर मूल "काही झालंच नव्हतं" म्हणालं तर लगेच खोटं ठरवू नकोस, बऱ्याचदा घरच्यांचं प्रेशर असतं, आधी ते सध्या कोणाबरोबर राहतंय ते बघ.