वाचक विचारतात: पिंजरा उघडला तरी मिठू गेलाच नाही

प्रश्न: ताई, मी सांगलीची, गावभागात राहते. लेकीला शाळेत कथाकथनाला पोपटाची गोष्ट दिलीय. वाड्यातल्या पोपटाला रोज पेरू, भिजवलेली डाळ, चांदीची वाटी, आणि बाहेर चिंचेवरचा रानपोपट त्याला म्हणतो दार उघडं राहिलं की चल, मग शेवटी तो सगळं टाकून भुर्रकन जातो. आमच्याकडं सात वर्षं मिठू आहे, तर हिनं परवा गोष्ट पाठ करता करता त्याचाच पिंजरा उघडला. तो बाहेर आला, पिंजऱ्यावर चढला, इकडंतिकडं बघितलं आणि पाच मिनिटात परत आत. आता ही म्हणते गोष्ट खोटी, मिठूला आपल्याकडंच आवडतं. सासूबाई पण तेच म्हणतात. काय सांगू?

उत्तर: अहो, आवडतं म्हणून परत आत गेला असं लगेच ठरवू नका. सात वर्षं हातभर जागेत बसलेल्या पाखराच्या पंखात ताकद कुठून येणार, त्यात बरेच जण पिसं पण कापतात, ती पीसगळीनंतर परत येतात, ताकद मात्र आपोआप येत नाही. आणि हुरडा कुठल्या रानात आलाय, शिकरा दिसला की कुठं दडायचं, हे पिल्लू थव्यात राहून शिकतं. मिठूला ढोलीतनंच काढलं असणार, त्याला बाहेर म्हणजे तुमचा पंखा आणि भिंत. गोष्टवाल्यानं हा मधला भागच गाळलाय. मला तर लहानपणी त्या चिंचेवरच्या पोपटाचाच राग यायचा, फुकटचा सल्ला देतो, शिकवत काहीच नाही.

सासूबाईंना मात्र हळूच सांगा, आपला हा हिरवा पोपट १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात येतो, घरात ठेवता येत नाही, कितीही लाडानं ठेवला तरी. लव्हबर्ड वगैरे परदेशी, त्यांचं वेगळं. पण म्हणून घाबरून गच्चीवरनं सोडू नका हां, कावळे आणि मांजरं त्याला संध्याकाळ बघू देणार नाहीत. वन खात्याच्या १९२६ वर फोन करा, कुठं आणून द्यायचा ते विचारा. अशा पाखरांना आधी मोठ्या जाळीत उडायची सवय करावी लागते, आणि काहींना कधीच जमत नाही, ती सांभाळावीच लागतात.

लेकीला म्हणावं तुझा शेवट तूच कर, पोपट पिंजऱ्याच्या टपावर बसला आणि पंख फडफडवून बघितले, एवढाच, परीक्षक काय म्हणायचं ते म्हणू देत. आणि फोन करायच्या आधी तिला सांगा बरं का, नाहीतर पोरगी शाळेतनं येईल आणि पिंजऱ्याचा हूक नुसताच लोंबकळत असेल.