हिमबिबट्याला रेडिओ कॉलर लावली की तो मोबाईलवर दिसतो का?

तुमचा प्रश्न तिहेरी आहे: हिमबिबट्याचा माग कॉलरने कसा काढतात, तो मोबाईलवर थेट दिसतो का, आणि भारतातले ७१८ हिमबिबटे याच पद्धतीने मोजले का?

शेवटच्याचं उत्तर छोटं आहे, ते आधी. नाही. जानेवारी २०२४ मध्ये जाहीर झालेला ७१८ हा आकडा कॅमेरा ट्रॅपच्या, म्हणजे जनावर समोरून गेलं की आपोआप टिपणाऱ्या कॅमेऱ्यांच्या, फोटोंवरून काढलेला अंदाज आहे. त्यातले ४७७ एकट्या लडाखमध्ये. प्रत्येक जनावराच्या अंगावरच्या ठिपक्यांची नक्षी वेगळी असते, त्यावरून ते ओळखतात. कॉलरने गणना होत नाही. ज्याच्या गळ्यात पट्टा, त्याचाच तेवढा पत्ता लागतो.

मी नागपूरचा. उमरेड, पेंचकडे वाघांच्या टेलिमेट्रीत, म्हणजे कॉलरच्या सिग्नलवरून माग काढण्यात, फील्डवर काम केलंय. मी स्वतः हिमबिबट्याला कॉलर लावलेली नाही, हे आधीच सांगतो. पण यंत्रं तीच असतात, आणि पहाडात ती कुठे दगा देतात हे अँटेना घेऊन फिरलेल्या माणसाला लगेच कळतं.

जुनी पद्धत अशी. कॉलरमधला ट्रान्समीटर ठरावीक फ्रिक्वेन्सीवर टक्, टक्, टक् करत राहतो. तुम्ही हातात अँटेना धरून गोल फिरायचं, आवाज जिकडे सर्वात मोठा तिकडची दिशा होकायंत्रावर घ्यायची, मग गाडीने पुढे जाऊन दुसरीकडून, जमलं तर तिसरीकडून घ्यायची. नकाशावर रेघा ओढल्या की जिथे छेदतात तिथे आसपास जनावर. आमच्या सपाट सागवानी जंगलातही नाल्यात बसलेला वाघ गायब होतो. हिमालयात तर मधे डोंगराची एक धार आली की आवाज बंद, आणि समोरच्या कड्यावर आपटून आला तर भलत्याच दिशेला जनावर आहे असं वाटतं.

याचा परिणाम नुसत्या दमछाकीपुरता राहिला नाही. रॉडनी जॅक्सन यांनी १९८२ पासून पश्चिम नेपाळच्या लांगू खोऱ्यात ५ हिमबिबट्यांना अशा कॉलर लावल्या. अफाट कष्टाचं काम. त्यातून एकेका जनावराची हद्द १२ ते ३९ चौरस किलोमीटर निघाली. पुढे मंगोलियात दक्षिण गोबीतल्या तोस्त डोंगरात २००८ पासून जीपीएस कॉलर, म्हणजे उपग्रहांच्या मदतीने आपलं ठिकाण स्वतःच नोंदवणाऱ्या कॉलर, लावल्या गेल्या. तिथल्या १६ जनावरांची माहिती २०१६ मध्ये प्रसिद्ध झाली: नराची हद्द सरासरी २०७ चौरस किलोमीटर, मादीची १२४. प्रदेश वेगळा, शिकारीची उपलब्धता वेगळी, हे खरं. पण फरकाचं एक मोठं कारण मला साधं वाटतं: जनावर धारेपलीकडे गेलं की जुनी कॉलर गप्प, आणि जे ऐकूच आलं नाही ते नकाशावर कसं येणार? त्याच अभ्यासात असंही दिसलं की हिमबिबट्याच्या मुलखातल्या १७० संरक्षित क्षेत्रांपैकी ४० टक्के क्षेत्रं एका प्रौढ नराच्या हद्दीपेक्षाही लहान आहेत. म्हणजे अभयारण्याची रेघ आखून भागत नाही, मेंढपाळांच्या कुरणातही त्याला जागा लागते.

आता पकडायचं कसं? आमच्याकडे वाघाला जिप्सीतून किंवा हत्तीवरून डार्ट, म्हणजे गुंगीच्या औषधाची सुई, मारतात. तिकडे जनावर दिसतच नाही, मग फासा लावतात. पुढे झुकलेल्या ज्या खडकावर हिमबिबटे मूत्राची फवारणी करून खूण सोडतात, त्याच्या पायथ्याशी तारेचा फासा मातीखाली पुरायचा आणि आजूबाजूला दगड असे मांडायचे की पंजा नेमका तिथेच पडावा. फाशाला स्प्रिंग असते, म्हणजे जनावराने हिसका दिला तरी पायाला इजा होऊ नये. सोबत छोटा ट्रान्समीटर. फासा ओढला गेला की तळावर इशारा येतो आणि टीम रात्री-अपरात्री पळत सुटते, कारण कडाक्याच्या थंडीत अडकलेला पंजा जास्त वेळ ठेवता येत नाही. मग डार्ट. गुंगीत डोळे उघडेच राहतात, म्हणून मलम घालून वर फडकं बांधतात. गंमत बघा, इथे उन्हाळ्यात बेशुद्ध वाघाच्या अंगावर आम्ही पाणी ओततो, तिथे त्याच वेळी जनावराला गरम ठेवायची धडपड चाललेली असते. पट्टा आवळताना मान आणि पट्टा यांच्यात बोटं सरकली पाहिजेत. काम झालं की उतारा देऊन बाजूला व्हायचं.

आणि मोबाईल? ते विसरा. तोस्तमधल्या कॉलर दर पाच तासांनी एक ठिकाण नोंदवत. जास्त वेळा नोंदवलं तर बॅटरी लवकर संपते, आणि कपारीत बसलेल्या जनावराच्या कॉलरला आकाशच दिसत नाही, ती नोंद हुकते. तुमच्यापर्यंत पोहोचतं ते बँकेच्या पासबुकासारखं: झालेले व्यवहार, तेही उशिरा. पण खरी कमाई त्यातच आहे. एकाच जागी बऱ्याच नोंदींचा पुंजका दिसला की तिथे चालत जायचं, आणि शिंगं, केस, हाडं सापडली की कळतं काय मारलं. यातूनच समजलं की तोस्तमधला हिमबिबट्या सरासरी आठ दिवसांनी एक मोठी शिकार करतो आणि सापडलेल्या शिकारींपैकी २७ टक्के पाळीव जनावरं होती. मेंढपाळाशी नुकसानभरपाईचं बोलायला बसताना हा आकडा हातात लागतो.

आपल्याकडचंच बघा ना. टिपेश्वर अभयारण्यातून २०१९ मध्ये निघालेला वॉकर नावाचा वाघ तेलंगणातून फिरत ज्ञानगंगा अभयारण्यात पोहोचला, १,३०० किलोमीटरच्या वर, ते कॉलरमुळेच कळलं. पण कॉलर आहे म्हणजे जनावर सापडतंच असंही नाही: उमरेड-कऱ्हांडल्याचा जय हा वाघ एप्रिल २०१६ पासून बेपत्ता झाला तेव्हा त्याच्याही गळ्यात कॉलर होतीच.

तुम्ही लिहिलंय की नागपुरात राहून या क्षेत्रात यायचंय. हिमबिबट्या वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, तेव्हा त्याला पकडायला केंद्राची पूर्वपरवानगी लागते आणि नवख्याच्या हाती डार्ट गन कोणी देत नाही. बुद्धपौर्णिमेला प्राणी मोजायला मचाणावर बसणं छान अनुभव, पण त्याने कोणी कामावर घेणार नाही. कॅमेरा ट्रॅप लावणं, फोटो छाटणं, पट्टे-ठिपके जुळवणं, जीपीएसच्या नोंदी नकाशावर चढवणं हे शिका. पेंचमध्ये कॅमेरा ट्रॅपचं काम नियमित चालतं. तिथे दोन हंगाम काढा आणि मग डेहराडूनच्या भारतीय वन्यजीव संस्थेत किंवा लडाख-स्पितीत काम करणाऱ्या संस्थांकडे अर्ज करा. अर्जात चालण्याची सवय किती आहे तेही लिहा, ते नक्की विचारतात.