बोक्याच्या लघवीत स्फटिक सापडले, आता त्याला खायला काय द्यावं?

तुमचा बोका चार वर्षांचा, लहानपणापासून कोरड्या दाण्यांवर वाढलेला, आणि आता लघवीत स्ट्रूव्हाइटचे, म्हणजे मॅग्नेशियम आणि फॉस्फेटच्या क्षाराचे, स्फटिक निघालेत. कोणत्या कंपनीचं खाणं द्यावं, असं तुम्ही विचारलंय. मी म्हणेन, कंपनी नंतर बघू, आधी त्याच्या पोटात पाणी किती जातंय ते बघा.

चार किलोच्या मांजराला खाण्यातलं धरून दिवसाला साधारण २०० मिली पाणी लागतं. ६० ग्रॅम कोरड्या दाण्यांतून मिळतं जेमतेम ५-६ मिली. उरलेलं त्याने वाटीतून प्यायला हवं, पण बहुतेक मांजरं तेवढं पीत नाहीत. त्यांचे पूर्वज कोरड्या, वाळवंटी मुलखातले, शिकारीच्या अंगातल्या पाण्यावर भागवणारे. म्हणून तहान कमी आणि लघवी दाट, आणि दाट लघवीत क्षारांचे स्फटिक लवकर धरतात. ओल्या खाण्यात ७५ ते ८० टक्के पाणी असतं. २५० ग्रॅम खाल्लं की १९० मिलीच्या आसपास पाणी आपसूक पोटात जातं.

माझ्या बोक्याचं लक्षात आलं तेव्हा तो दहा मिनिटांत तिसऱ्यांदा लिटर बॉक्समध्ये जाऊन बसला होता. पाठ वाकवून जोर लावत होता, घोगरं ओरडत होता, आणि खाली दोनच गुलाबी थेंब. मला वाटलं बद्धकोष्ठता आहे. त्यात अर्धा दिवस गेला, त्याची हळहळ अजून वाटते. कॅथेटर घालून लघवी मोकळी करावी लागली. बोक्याची मूत्रनलिका फार अरुंद असते. ती तुंबली की रक्तात पोटॅशियम वाढतं, मूत्रपिंडं बिघडतात, आणि एक-दोन दिवसांत जीव जाऊ शकतो. तेव्हा जोर लावूनही लघवी होत नसेल तर खाण्यात बदल करत बसू नका, रात्र असली तरी त्याला उचला आणि डॉक्टरांकडे न्या.

घरी आल्यावर ओलं खाणं समोर ठेवलं तर पठ्ठ्याने वास घेतला आणि पाठ फिरवली. मग रोजच्या दाण्यांशेजारी चमचाभर ओलं खाणं ठेवायला लागले, वर चार दाणे चुरून. ते चाटायला लागल्यावर दर दोन दिवसांनी ओलं वाढवलं, दाणे कमी केले, आणि त्यात दोन चमचे कोमट पाणी कालवलं. बारा दिवस लागले. भूक लागली की खाईल झक मारत, असं मात्र करू नका. दोन-तीन दिवस उपाशी राहिलेल्या मांजराच्या, विशेषतः लठ्ठ मांजराच्या, यकृतात चरबी साठून ते गंभीर आजारी पडू शकतं. पाण्याच्या वाट्या दोन-तीन ठेवा, पसरट आणि लिटर बॉक्सपासून लांब. नुसत्या चिकनचं पाणीही चालतं, पण त्यात मीठ नको आणि कांदा-लसूण तर अजिबात नको, ते मांजरांना विषारी आहेत.

डॉक्टरांनी खास खाणं लिहून दिलं असेल तर तेच द्या, आणि त्याचाही ओला प्रकार मिळाला तर उत्तम. त्यात मॅग्नेशियम आणि फॉस्फरस बेताचं असतं, लघवी किंचित आम्लधर्मी राहते, आणि स्ट्रूव्हाइटचा खडा असला तरी काही आठवड्यांत विरघळू शकतो. वरून दुसरं काही चारलं की त्याचा उपयोग जातो. कॅल्शियम ऑक्झलेटचे खडे मात्र कुठल्याच खाण्याने विरघळत नाहीत, आणि लघवी फार आम्लधर्मी झाली तर त्यांचा धोका उलट वाढतो. म्हणून लघवी आम्लधर्मी करायला मनाने व्हिटॅमिन सी वगैरे देऊ नका.

आणखी एक. थोडे स्फटिक निरोगी मांजराच्या लघवीतही दिसतात, आणि नमुना फ्रिजमध्ये राहिला तर नव्याने तयार होतात. तुमचा नमुना ताजा तपासला होता का, हे डॉक्टरांना जरूर विचारा. कित्येक मांजरांना हाच त्रास स्फटिक किंवा जंतुसंसर्ग नसताना, ताणामुळेही होतो. घरात नवं मांजर आलंय का, सामान हललंय का, लिटर बॉक्स रोज साफ होतो का, तेही आठवून बघा.

फरक पडतोय का ते लिटरमध्येच दिसेल. माझ्याकडे आधी लघवीने भिजलेल्या लिटरचे दिवसाला सुपारीएवढे दोन गोळे निघायचे. महिन्याभराने लिंबाएवढे तीन-चार निघायला लागले, आणि पुढच्या तपासणीत लघवी पातळ आली.