गाडी वर्कशॉपात, हप्ता चालू

प्रश्न: मी कराडची, माध्यमिक शाळेत शिक्षिका आहे. गेल्या वर्षी कर्ज काढून साडेअकरा लाखांची ऑटोमॅटिक गाडी घेतली. आधी गिअर बदलताना धक्के बसायचे, मग पेठ नाक्याजवळ हायवेवर ती बंदच पडली. टो करून कोल्हापूरला डीलरच्या वर्कशॉपमध्ये नेली. गाडी वॉरंटीत आहे. दोन महिने झाले, 'पार्ट आला नाही' हेच ऐकतेय. कंपनीला फोन केला की म्हणतात डीलरशी बोला. डीलर म्हणतो कंपनीचं अप्रूव्हल नाही. गाडी बदलून मागता येईल का? तोवर बँकेचा हप्ता थांबवू का? भाऊ म्हणतो, गाढवाच्या गळ्यात पाटी अडकवून शोरूमसमोर उभं करू.

उत्तर: ताई, गाढवाला यात ओढू नका. पाटीवर एखादा शब्द जास्त लिहिला गेला, तर डीलरचा वकील त्यावर अब्रुनुकसानीची नोटीस काढेल आणि तुमची गाडी राहील बाजूला. हप्ताही थांबवू नका. कर्जाचा करार बँकेशी आहे, गिअरबॉक्सच्या भानगडीशी बँकेला देणंघेणं नाही. हप्ता चुकला तर सिबिल तुमचं खराब होणार, डीलरचं नाही. गाडी उभी असताना भरलेल्या हप्त्यांचा हिशोब मात्र ठेवा, नुकसानभरपाई मागताना तो लागेल.

आता गाडी बदलून मिळण्याचं. हा प्रश्न मला प्रत्येक जण विचारतो आणि उत्तर कुणालाच आवडत नाही. मारुती उद्योगच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 2006 मध्ये संपूर्ण गाडी बदलून देण्याचा आदेश रद्द केला होता. वॉरंटीची अट सदोष भाग दुरुस्त करून किंवा बदलून देण्याची असेल, तर अख्खी गाडी मागता येत नाही, असं न्यायालय म्हणालं. ग्राहकाला त्रासाची भरपाई मिळाली, गाडी नाही. तेव्हापासून कंपन्यांचे वकील हा निकाल खिशात घेऊनच फिरतात. मूळ उत्पादनातच दोष आहे असं ठामपणे सिद्ध झालं तर ग्राहक आयोग गाडी बदलून देण्याचा किंवा किंमत परत करण्याचा आदेश देऊ शकतो, ग्राहक संरक्षण कायद्याच्या कलम 39 मध्ये तशी तरतूद आहे. पण त्यासाठी तज्ज्ञाचा अहवाल लागतो. तज्ज्ञ शोधा, गाडी उघडा, अहवालावर उलटतपासणी. यात दम संपतो.

म्हणून माझं मत असं, की तुमच्या तक्रारीचा कणा गिअरबॉक्स नसावा, उशीर असावा. ग्राहक संरक्षण कायदा, 2019 मध्ये 'वस्तूतील दोष' आणि 'सेवेतील त्रुटी' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दोष सिद्ध करायला इंजिनिअर लागतो, त्रुटी सिद्ध करायला कॅलेंडर पुरतं. गाडी कधी आत गेली, बाहेर आली की नाही, मध्ये तुम्हाला काय सांगितलं, एवढंच दाखवायचं. ग्राहकापासून जाणूनबुजून माहिती लपवणं हीसुद्धा या कायद्यात त्रुटीच आहे. गाडी बदलून देण्याची मागणी पर्यायी म्हणून तक्रारीत घालून ठेवा, भिस्त तिच्यावर ठेवू नका.

हे कॅलेंडर कागदावर यायला हवं आणि तिथेच आपली माणसं कमी पडतात. सर्व्हिस अ‍ॅडव्हायझर गोड बोलतो, आपण 'बरं बरं' म्हणून फोन ठेवतो. आजपासून फोन बंद, सगळं ईमेलवर. जॉब कार्डची, म्हणजे गाडी आत घेताना वर्कशॉप तक्रार लिहून घेतं त्या कागदाची, प्रत मागा. तुमची तक्रार त्यात 'जनरल चेकअप' अशी लिहिली असेल तर लगेच लेखी हरकत घ्या. एक प्रश्न नक्की विचारा: पार्टची ऑर्डर कोणत्या तारखेला टाकली आणि ऑर्डर नंबर काय? अनेकदा वॉरंटी क्लेमला कंपनीची मंजुरी येईपर्यंत ऑर्डर जातच नाही आणि इकडे ग्राहकाला 'पार्ट रस्त्यात आहे' म्हणून झुलवत ठेवतात. उत्तर आलं तर पुरावा मिळाला, नाही आलं तर तोही पुरावाच. व्हॉट्सअ‍ॅपवरचं काही पुसू नका. ते दाखल करताना भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 खालचं, इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठीचं प्रमाणपत्र जोडलं की हरकतीला जागा राहत नाही. शाळेत जायला रिक्षा, वडाप, भाड्याची गाडी, जे वापरलंत त्याच्या पावत्या किंवा यूपीआयच्या नोंदी ठेवा.

मग डीलर आणि कंपनी दोघांनाही नोटीस, स्पीड पोस्टाने आणि ईमेलने, पंधरा दिवसांची मुदत देऊन. दोघांनाही, कारण त्यांचा टोलवाटोलवीचा खेळ कायद्यालाही ठाऊक आहे. 2021 मध्ये गोव्यातल्या एका ग्राहकाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने कंपनीला जबाबदारीतून सोडलं. डीलरने जुनं मॉडेल नवं म्हणून विकलं होतं. कंपनी आणि डीलर हे स्वतंत्र व्यापारी आहेत, डीलरच्या कृत्याची कंपनीला माहिती होती हे दाखवल्याशिवाय तिला धरता येणार नाही, असा तो निकाल. तुमचं प्रकरण वेगळं आहे. वॉरंटी कंपनीनेच दिलीय आणि तुमच्या म्हणण्यानुसार अप्रूव्हलही तिच्याकडेच अडकलंय. पण हे दाखवायला कंपनीला स्वतंत्रपणे कळवल्याचा कागद हवा. कॉल सेंटरचा तक्रार क्रमांक तेवढ्यासाठी जपा. जमल्यास 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवरही नोंद करा. तिथून आदेश निघत नाही, पण कंपनीच्या मुख्यालयातला कुणीतरी जागा होतो, असा माझा अनुभव आहे.

नोटिशीनेही हललं नाही तर तक्रार साताऱ्याच्या जिल्हा आयोगात करा, कोल्हापूरला जायची गरज नाही. ग्राहक राहतो किंवा नोकरी करतो तिथे तक्रार करायची मुभा 2019 च्या कायद्याने दिलीय. वॉरंटी पुस्तिकेत 'वाद अमुक शहराच्या न्यायालयातच' असं छापलेलं असेल, तरी त्याला घाबरू नका. पन्नास लाखांपर्यंतच्या खरेदीची प्रकरणं जिल्हा आयोगाकडेच जातात आणि तुमच्या गाडीच्या किमतीला शुल्क फक्त 400 रुपये. तक्रार ऑनलाइनही करता येते. वकील लागतोच असं नाही. स्वतःच्या पोटावर पाय देऊन हे सांगतोय. मुदत दोन वर्षांची आहे, तेवढी थांबू नका. दुरुस्ती, हप्त्यांचं व्याज, प्रवासखर्च, मनस्ताप आणि गाडी उभी राहिली तेवढे दिवस वॉरंटी वाढवून, असं सगळं मागा. शेवटची मागणी लोक विसरतात. वॉरंटीचं घड्याळ वर्कशॉपातही चालूच असतं.

किती वेळ लागेल? कायदा म्हणतो, समोरच्याला नोटीस मिळाल्यापासून तीन महिने, तपासणी लागली तर पाच. प्रत्यक्षात वर्षं जातात. पण उत्तर दाखल करायला त्यांना पंचेचाळीस दिवसांपलीकडे एक दिवसही मिळत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने 2020 मध्ये पक्कं केलंय. शिवाय पहिल्या तारखेच्या आसपास 'हरवलेला' पार्ट सापडतो, हे मी पुष्कळदा पाहिलंय.

सापडला, तर गाडी जरूर घ्या. ताब्यात घेतली म्हणून उशिराच्या भरपाईचा हक्क जात नाही. फक्त डिलिव्हरीच्या वेळी पुढे करतात त्या समाधान-पत्रावर निमूट सही करू नका. आधी मीटरचा फोटो काढा, गाडी स्वतः चालवून बघा आणि सहीच्या वर लिहा: 'हक्क राखून ताबा घेतला, विलंबाबाबतची तक्रार कायम.' तसं लिहू दिलं नाही, तर त्याच दिवशी ईमेल करा.